पाणवठ्यावरची रांग

त्या खोऱ्यात लांडग्यांचे राज्य होते आणि पाणवठा एकच होता. उन्हाळा लांबला की पाणी आटे, पण पाण्यावरून तिथे कधी रक्त सांडले नव्हते. आधी म्हातारे पीत, मग आया आणि पिल्ले, शेवटी धडधाकट. आपली पाळी येईपर्यंत प्रत्येकजण पुढचे पाय जुळवून, नाक जमिनीला टेकवून उभा राही.

ही रीत धूम्रा शिकवीत असे. वयाने तिची पाठ वाकली होती. पण आपल्या विद्यार्थ्यांची रांग पाहताना तिचे कान ताठ होत, आणि हा अभिमान ती लपवीत नसे.

त्या वर्षी डोंगरापलीकडून भुंडा आला. त्याची शेपूट कोणीतरी तोडली होती. त्याच्या मुलखात जो आधी चावेल तो आधी पिई. धूम्राने त्याला शाळेत घेतले. वाक म्हटले की तो गुरगुरे, आणि वाकलाच तर एक डोळा वर ठेवून.

राजा शूलदंताला हे पटेना. तो म्हणाला, "बाई, चावणं लांडग्याच्या जन्मातच आहे. तुमचं वाकणं म्हणजे दातांवरचं झाकण. तहान वाढली की उडेल."

"महाराज, पिल्लू बिनदातांचंच जन्मतं," धूम्रा म्हणाली. "डोळे उघडायच्या आधी ते भावंडांची ऊब शोधतं. दात मागाहून येतात."

"मी पाण्याला बाभळीचं कुंपण घालणार. पहारा बसवणार."

"मग सगळे पहाऱ्याकडे बघतील, म्हाताऱ्यांकडे कोण बघणार? थोडं थांबा. रांग मोडली, तर मी हे खोरं सोडून जाईन."

त्या उन्हात, त्या वयात खोरे सोडणे म्हणजे मरणे, हे दोघांनाही ठाऊक होते. राजाने कुंपण घातले नाही; पहारेकरी मात्र टेकडीवर बसवले.

मग तो दिवस आला. दोन दगडांच्या मध्ये एक तोंड मावेल एवढेच पाणी उरले. रांगेच्या डोक्याशी म्हातारी पिंगा होती. ती वाकली ती उठलीच नाही. सगळी रांग माना खाली घालून थबकली. पुढे कसे जावे हे कोणालाच शिकवलेले नव्हते.

शेवटून भुंडा उसळला. सगळ्यांना मागे टाकून तो पाण्याकडे धावला. टेकडीवर पहारेकरी गुरगुरत उठले.

भुंड्याने डोळ्यांपर्यंत तोंड पाण्यात खुपसले. पण त्याचा गळा हलला नाही. तो तसाच पिंगाकडे वळला आणि भरल्या तोंडाने तिच्या दातांत पाणी सोडू लागला. परत गेला, परत आणले. तिने डोळे उघडले तेव्हा तो थेंबही न पिता मागे गेला, रांगेच्या शेवटी पाय जुळवून उभा राहिला आणि त्याने नाक मातीला टेकवले. एक डोळा अजून वरच होता.

राजा टेकडीवरून खाली उतरला. "रांग मोडली, बाई."

"मोडली," धूम्रा म्हणाली. तिची मान कधी नव्हती एवढी ताठ होती.

"हे तुम्ही शिकवलंत त्याला?"

"नाही. मी मान खाली घालायला शिकवलं. खाली कोण पडलंय, ते त्याचं त्याला दिसलं." मग ती म्हणाली, "येते मी. शब्द दिलाय."

धूम्रा खिंडीच्या वाटेला लागली. मागून पावलांचा, गुरगुरीचा, कसलाच आवाज येईना, म्हणून चढावर तिने वळून पाहिले.

पहारेकरी टेकडी उतरून आपापल्या वयाच्या जागी उभे होते. रांगेच्या अगदी टोकाला, भुंड्याच्याही मागे, शूलदंताने पाय जुळवले होते आणि त्याचे नाक धुळीत टेकले होते. पिंगाचे पिऊन झाले होते. तरी कोणी पाऊल पुढे टाकत नव्हते. तिच्या मागे एका म्हाताऱ्या लांडगीपुरती जागा मोकळी होती.