सुगरणीची वीण

रानात अजून सिंहाचा दरबार भरत असे, त्या काळची गोष्ट. कोल्ह्याने एक यंत्र बनवलं. त्या यंत्राने सुगरणीचं विणकाम पाहून हुबेहूब तशीच घरटी विणायला सुरुवात केली आणि कोल्हा ती विकू लागला. त्या धंद्यात सिंहाचाही वाटा होता. त्याने कायदाच केला, की ही वीण कोल्ह्याची; दुसऱ्याने विणली तर चोरी.

घरटं विणलं म्हणून सिंहाचा शिपाई लांडगा सुगरणीला दरबारात घेऊन आला. ती संतापून म्हणाली, “महाराज, माझ्या आईने शिकवलेली वीण कोल्ह्याची कशी?”

“कायदा आहे तसा,” म्हणत सिंहाने तिला ताकीद देऊन सोडलं.

सुगरण तडक बाभळीवर गेली आणि सर्वांदेखत विणायला बसली. लांडगा धावत आला. पाहतो तर चिमण्या, साळुंक्या, कावळे, सगळेच चोचीत गवत धरून वेडंवाकडं विणत होते.

“आधी मला पकड!” म्हातारा कावळा ओरडला.