वाळूत रुतलेला टायर

टायर बोलायचे, त्या काळची गोष्ट. एका जीपला चिखलासाठी खोल नक्षीचे चार नवे टायर होते आणि मागे एक घासलेली स्टेपनी.

एकदा समुद्रकाठी जीप वाळूत रुतली. भरती चढू लागली. "चिखल फाडतो मी, वाळू काय चीज!" म्हणत एक टायर गरागरा फिरला आणि आणखी खोल गेला. मीही हेच केलं असतं, खरं सांगते.

"अरे बाळा, थोडी हवा सोड, पसरट हो, म्हणजे वाळूत रुतणार नाहीस," स्टेपनी म्हणाली.

"पोट सुटलेलं दिसेल ना, मावशी!"

"बुडालास तर काहीच दिसणार नाही!"

चौघांनी लाजत फुस्स केलं. जीप डुलत डुलत बाहेर आली.

काठावर हवा भरून घेताना त्याच टायरने हळूच विचारलं, "मावशी, पुढे रस्ता कसला आहे गं?"