नदीपलीकडचं पोळं

फार जुनी गोष्ट. नदीअलीकडच्या रानात विक्रीतून जेवढी मोहाची फुलं मिळतील, त्यांतला दहावा वाटा सामाईक कणगीत टाकायची रीत होती. पावसाळ्यात पिल्लं त्यावर जगत. पलीकडच्या रानात असला वाटा नव्हता.

कणगी राखणारी साळू साळिंदर यंदा चक्रावली होती. झिपऱ्या अस्वल रोज मधाची दहा पोळी पलीकडच्या भावाला विकायचा, दहा ओंजळी फुलं घ्यायचा आणि त्यातली एक इमानाने कणगीत टाकायचा. तरी कणगीचा तळ दिसत होता. तिने पुन्हा मोजलं, तर चूक कुठेच नव्हती.

टिटवीने सांगितलं, भाऊ तिकडे एकेक पोळं दहा ओंजळींना विकतो. साळूचा गोंधळ आणखी वाढला. खोटं तर कुणीच बोललं नव्हतं.

ती झिपऱ्याकडे गेली, तेवढ्यात एक वानर त्याच्याकडे पोळं विकत मागायला आलं.

"दहा ओंजळी पडतील," झिपऱ्या म्हणाला.

"आणि भावाला एक?" साळूने विचारलं.

"तो घरचा, मावशी. त्याच्याकडचं ते माझंच की."

साळू म्हणाली, "माया भावासारखी कर. वाटा मात्र भावाच्या जागी वानर आहे असं समजून टाक."

त्या हिशेबाने दहा पोळ्यांच्या शंभर ओंजळी होत होत्या, म्हणजे कणगीत रोज एक नव्हे, दहा ओंजळी टाकायच्या होत्या. झिपऱ्याने डोकं खाजवलं आणि नदीपलीकडे हाक मारली, "दादा, फुलांची झोळी घेऊन ये."