गुण्याची खोड

फार जुनी गोष्ट नाही, लोखंडाला लोखंड विजेनं जोडू लागले त्यानंतरचीच. केरबा मिस्त्रींच्या दुकानात काटकोनी लोखंडी पट्टीचा एक गुण्या होता. कोपरा काटकोनात आहे की नाही, ते सांगणं त्याचं काम. दिवसभर त्याचं एकच पालुपद, "वाकडं आहे, पुन्हा करा."

ऐकून ऐकून हातोड्याचं डोकं उठलं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं गुण्याला सरळ टेबलावरून ढकलून दिलं.

दुपारी गुण्या एकदम गोड बोलू लागला. सकाळी नाकारलेल्या कोपऱ्यालाच म्हणाला, "झकास. मारा वेल्डिंग."

"पडला आणि सुधारला," हातोडा कानशीला म्हणाला. सगळं दुकान खूश झालं. संध्याकाळी शाळेचं फाटक तयार.

पण शाळेत ते फाटक काही केल्या मिटेना. फटीतून एक शेळी आत शिरली आणि मुलांची फुलझाडं फस्त करून गेली. मिस्त्रींनी गुण्या डोळ्यांसमोर धरला. "अरे, हाच वाकलाय की."

मिस्त्रींनी हातोड्यालाच उचललं आणि हलके हलके ठोकून गुण्या सरळ केला.

सरळ होताच गुण्या म्हणाला, "हातोडेमामा, तुमचा दांडा वाकडा बसलाय."

"आलास बाबा शुद्धीवर," म्हणत हातोड्यानं सुटकेचा श्वास सोडला.