सुलतानाच्या नावाचा दगड

शमे, पाय आत घे बघू. आणि निनाद, तिचं पांघरूण ओढायचं नाही. आज लांबच्या देशातली गोष्ट आहे, तुर्कस्तानातली. मधूनमधून हुं म्हणत राहा, नाहीतर मी गप्प बसेन.

एक होता सुलतान. सुलतान म्हणजे तिकडचा राजा. नाव काय त्याचं? सांगते, शेवटी सांगते. अशी घाई केली की गोष्ट रुसते.

तर ह्या सुलतानाचे वाडवडील म्हणजे घोड्यांवरचे लोक, बरं का. गवताचे मोठमोठे माळ ओलांडत फार लांबून आलेले. घर म्हणजे तंबू. जाड लोकरीचा, गोल, आणि माथ्यावर धूर जायला एक भोक. गुरं चरून झाली की तंबू गुंडाळायचा, घोड्यावर टाकायचा आणि चालायला लागायचं. मग त्यांनी समुद्राकाठचं एक मोठं शहर जिंकलं. तिथंच राहिले आणि दगडाची घरं बांधायला लागले. होता होता तंबूत जन्मलेलं असं घरात एकच माणूस उरलं. सुलतानाची आजी, आयबिके. ती काही पक्क्या छताखाली झोपायची नाही. महालाच्या बागेत तिनं तंबू ठोकला होता आणि तिथं बसून ती ताक घुसळायची. हो, तिकडंही ताक पितात, मीठ घालून, आपल्यासारखंच.

एकदा काय झालं, सुलतानाच्या मनात आलं, नवा महाल बांधावा. घुमट असा की समुद्रातल्या गलबतांना लांबून दिसेल. जागा ठरली. पण तिथं होतं चिनाराचं जुनं झाड आणि झाडावर चिमण्यांची हीऽ गर्दी. झाड तोडलं. चिमण्या भुर्र.

काम दिलं तुरगुत उस्ताला. उस्ता म्हणजे कारागिरांचा गुरू. हा होता गवंड्यांचा. सत्तरीचा म्हातारा, पण हात असा की दगडाचं लोणी करील. आता ह्या गवंड्यांची एक रीत होती. मोठी इमारत बांधली की तिच्या भिंतीवर, उंचावर, एक चिमुकला दगडी महाल कोरायचा. त्याला सज्जे, खिडक्या, एवढुस्सा घुमट. राहायला कोण? पाखरं! आणि जागा अशी की जिथं ऊन येतं नि वारा लागत नाही. चुना घट्ट बसावा म्हणून ते त्यात अंड्यांचा पांढरा बलक घालायचे ना, म्हणून. पाखरांचं घेतलं, तर पाखरांना द्यायला नको?

पण वजीर म्हणाला, "उन्हाच्या भिंतीवर सुलतानांच्या नावाचा संगमरवर बसेल. तिथं पाखरं नकोत. घाण करतात मेली."

ती जागा पाखरांची, असं तुरगुत उस्ताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वजिरापुढं कोण बोलणार? मान हलवली आणि गप्प राहिला. इथंच चुकलं हो त्याचं.

मग महाल झाला. घुमटाच्या माथ्यावरचा शेवटचा दगड बसवला. गवंडी परांचीवरून खाली उतरतायत तोवर... धाडकन्! दगड खाली.

मग नवा चुना कालवला. दुप्पट अंडी घातली. पुन्हा दगड बसवला. पुन्हा धाडकन्!

सुलतान भडकला. "उस्ता, तुमचे हात थकले. शुक्रवारपर्यंत घुमट पुरा झाला नाही, तर हे शहर सोडायचं."

तुरगुत उस्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "हुजूर, घर सोडेन, हत्यारं सोडेन. पण माझी हातिजे इथं टेकडीवर मातीत निजलीय. रोज सकाळी मी जाऊन तिच्याशी बोलतो. मी गेलो तर तिच्याशी कोण बोलेल?"

हातिजे म्हणजे त्याची बायको, बरं का. पण हुकूम तो हुकूम.

पाखरांचं देणं राहिलंय, हे ओळखून मग उस्तानं गुपचूप एक पाखरांचा महाल कोरला. पण उन्हाची भिंत नावानं अडवलेली. म्हणून बसवला मागच्या बाजूला, उत्तरेला. तिकडून समुद्रावरचा असा गार वारा येतो, दात वाजतात. चिमण्या आल्या, डोकावल्या, पंख फुगवले आणि निघून गेल्या. मग तिसऱ्यांदा दगड बसवला. काय झालं असेल? बरोब्बर. धाडकन्!

गुरुवार उजाडला. उस्ता छिन्न्या फडक्यात बांधत होता. तेवढ्यात ताकाचा तांब्या घेऊन आयबिके आजी आली. "तुमच्या हातांना आरोग्य लाभो, उस्ता," म्हणाली. हातानं काही घडवणाऱ्याला तिकडं असंच म्हणतात. पण एवढ्या महिन्यांत त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. म्हातारा ढसाढसा रडला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

आजी तडक दरबारात. सुलतान उठला, तिच्या हाताचा मुका घेतला आणि तो हात आपल्या कपाळाला लावला. तिकडं मोठ्यांना नमस्कार असाच करतात.

आजी म्हणाली, "पोरा, तुझ्या आजोबांचं नाव कुठल्या भिंतीवर आहे रे?"

"भिंतीवर कसं असेल, आजी? त्यांचा तर तंबू होता."

"मग तुला ते कसे ठाऊक?"

"तूच तर सांगतेस."

"का सांगते ते ऐक. एकदा आमच्या तंबूच्या माथ्याशी चिमणीनं घरटं केलं. सगळे लोक पुढं निघाले. तुझ्या आजोबांनी तंबू काढला नाही. पिल्लं उडेपर्यंत आम्ही दोघंच मागं राहिलो, त्या उजाड माळावर. आणि तू? तू चिमण्यांचं झाड तोडलंस आणि त्यांच्या उन्हात स्वतःचं नाव टांगलंस."

वजीर आपल्या जोड्यांकडे बघत बसला.

सुलतान बाहेर गेला, स्वतः परांचीवर चढला, हातात पहार घेतली आणि नावाचा दगड उचकटून काढला. म्हणाला, "उस्ता, पाखरांचा महाल ह्याच दगडाचा करा."

"हुजूर, नाव जाईल."

"जाऊ दे. तुम्ही जायचं नाही."

मग छिन्नी चालली. एकेक अक्षर गळलं आणि तिथं सज्जे आले, खिडक्या आल्या. उन्हाच्या भिंतीवर तो बसवला मात्र, चिमण्यांनी नुसता कल्ला केला. शुक्रवारी घुमटाचा दगड चढवला. सगळे कानांत बोटं घालून उभे. वाट बघतायत, बघतायत... धाडकन् काही झालंच नाही!

"तुमच्या हातांना आरोग्य लाभो, उस्ता," सुलतान म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर हातिजेला सांगायला उस्ताजवळ केवढं काही होतं!

मग सगळे सुखानं राहिले. आजी तंबूत, सुलतान महालात, वजीरसुद्धा. लोक त्या महालाला चिमण्यांचा महाल म्हणायला लागले.

काय गं शमे, अजून जागीच? सुलतानाचं नाव? ते मला कुठलं ठाऊक असायला, बाळा! ज्या दगडावर ते होतं, तिथं आता चिमण्या झोपल्यात. मिटा डोळे.