टिटवीच्या पायातलं घुंगरू

माणसांनी रस्ते काढायच्याही आधीची गोष्ट. एका रानात कुणीतरी अस्वलाच्या वाट्याचं मधाचं पोळं पळवलं. चिडलेल्या सिंहीणराणीने हुकूम काढला, "प्रत्येकाने पायात घुंगरू बांधायचं. कोण कुठे जातं ते कळलंच पाहिजे!" आवाज ऐकायला तिने कोल्ह्याला टेकडीवर बसवलं.

टिटवीची अंडी माळावर, दगडगोट्यांत असायची. तिच्या घुंगराच्या आवाजावरून कोल्ह्याला ती जागा सापडली आणि त्याने अंडी फस्त केली. टिटवी रडत राणीकडे गेली.

"राणीसाहेब, हे घुंगरू नको मला."

"चोरी केली नसेल, तर लपवायचं कशाला?" राणी म्हणाली.

टिटवीने डोळे पुसले. "बरं. मग तुमचे बछडे कुठल्या गुहेत आहेत?"

राणी गुरगुरली, "खबरदार! ते कुणालाही कळता कामा नये."

"का? तुम्ही काय चोरलंत?"

फांद्यांवरची माकडं खो खो हसली. राणीने मात्र स्वतः पुढे होऊन टिटवीच्या पायातलं घुंगरू दातांनी तोडलं, सगळ्यांची काढायला लावली आणि कोल्ह्याला टेकडीवरून हाकललं.

पुढे टिटवीने पुन्हा अंडी घातली. कुठे, ते मलाही माहीत नाही.