बारशाचा कडू घास

आडवणच्या वेशीवर एक कडुलिंब आहे. त्याच्या खालच्या फांद्यांना पाला म्हणून टिकत नाही. शेळ्यांनी खाल्ला असेल, असं पाहुण्यांना वाटतं. देवळाचे म्हातारे गुरव भिवबा मान हलवतात आणि सांगतात, तो बारशाला जातो. या गावात मुलाचं नाव ठेवताना आईबापांच्या तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबतात. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं की मगच त्यांना थुंकायची परवानगी. पुढचं सांगताना भिवबांचं स्वतःचं तोंड कडू होतं.

फार मागे इथे सुभानराव नावाचे पाटील होते, असं सांगतात. नवससायास करून त्यांना मुलगा झाला. बारशाला धाकटी बहीण तुळसाक्का नदी ओलांडून आली. पाणी चढलेलं, म्हणून आपला दोन वर्षांचा मुलगा तिने सासूपाशी ठेवला होता. बारसं झालं की दुसऱ्या दिवशी निघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण पाटील आणि पाटलीण लाडूबाई, दोघांची नाकं आभाळाला लागलेली. नाव जुनं हवं, घराण्याला शोभेल असं हवं, आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचं नको. आता जुनं म्हटलं की ते कुणाचं तरी असणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मल्हारी म्हणावं, तर तो गुराखी. कान्होजी म्हणावं, तर त्या नावाच्या गावकऱ्याच्या तोंडाला वास. तुळसाक्काने आपल्या वारलेल्या बापाचं नाव सुचवलं, संताजी. लाडूबाईने नाकाला पदर लावला.

"शी! ते नाव घेतलं की मामंजींची लाळ डोळ्यांम्होरं येती."

बापाच्या अखेरच्या आजारपणात तुळसाक्का उशाशी होती. ती लाळ तिने स्वतः पुसली होती. भाऊ मात्र सुपारी कातरत राहिला. असल्या माणसांच्या दारचं पाणीसुद्धा घशाखाली उतरू नये, असं भिवबा इथे थांबून म्हणतातच.

बारावा दिवस टळला, महिना गेला. नाव ठेवल्याशिवाय आत्याने परत फिरायचं नाही, हा तेव्हाचा रिवाज. सासरहून निरोप आला, लेकरू जेवत नाही. पाटील म्हणाले, "दोन दिस थांब. शास्त्रीबुवांकडनं नवी नावं येत्यात." दुसरा निरोप आला, ताप भरलाय. "आता गेलीस तर पाव्हणं हसतील," पाटील म्हणाले. पाहुण्यांना हसायला सवड कुठली? ते रोज पंगती झोडत होते.

तिसऱ्या खेपेला सासरचा माणूस आला तो दारातच उभा राहिला आणि त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. तुळसाक्काला काही विचारावं लागलं नाही.

ती रडली नाही म्हणे. वेशीवर गेली आणि मूठभर पाला ओरबाडून आली. मयताला जाऊन आल्यावर कडुलिंब चावायची रीत सगळीकडेच आहे. तिने भावापुढे आणि भावजयीपुढे मूठ धरली.

"तुमचा भाचा गेला. चावा."

भरल्या पंगतीसमोर नाही कसं म्हणणार? दोघांनी पाला तोंडात घेतला. सुतकात बारसं कुणी करत नाही, तिने केलं. बाळाला मांडीवर घेतलं, कानाशी वाकून म्हणाली, "हैबती." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "माज्या लेकाचं नाव हाय. पंचक्रोशीत आता दुसऱ्या कुणाचं न्हाई."

पाटलांच्या हनुवटीवरून हिरवं पाणी ओघळत राहिलं. थुंकायची हिंमत दोघांचीही झाली नाही. तुळसाक्काने बाळ आईच्या ओटीत ठेवलं आणि त्याच पावली निघाली. माहेरी ती पुन्हा आली नाही.

आजही आडवणमध्ये बारसं दुपारच्या आत उरकतात, आणि त्याच दिवशी भाऊ स्वतः बहिणीला नदीपलीकडे पोचवतो. ती पायात वहाणा घालू लागली की तिला 'थांब' म्हणायची कुणाची छाती होत नाही.